दहापैकी

ओजस म्हणतो, आत्या, मार्क दे. दहापैकी.
त्याला माहीत आहे, तेवीस वर्षं मी
लाल पेनानं दुसऱ्यांची उत्तरं वाचली.
शाळेला मुलं मिळेनाशी झाली, मराठी माध्यम बंद पडलं.
पेन अजून चालतं.

बारा भाग, प्रत्येकी बावीस मिनिटं.
नावात राख आहे, तलवार आहे, आणि तिसरं काहीतरी
जे त्यालाही धड म्हणता येत नाही.
त्याच्या वर्गात कुणीच पाहिलेली नाही ही मालिका,
म्हणून ती जरा जास्तच त्याची.
दांडिया बाजारातली दुपार, पडदे ओढलेले,
सेव-उसळीची तर्री कागदातून टीपॉयवर उतरलेली.

पांढऱ्या केसांचा पोरगा छपरावरून उडी घेतो
आणि खोटं कशाला बोलू, माझा घास तोंडातच राहिला.
कौलं फुटतात, प्रत्येक तुकड्याला स्वतःची सावली.
तापल्या तव्यावर थेंब पळावा
तशी निळी ज्वाळ पात्यावरून पळते.
कॅमेरा काय फिरवलाय, मी म्हणते.
कॅमेरा नसतोच गं, हातानं काढतात सगळं.

बरं, पण हा लढतोय कशासाठी?
बहिणीला मारलं त्याच्या.
कुणी?
ह्यांनी.
का?
ओजस रिमोटची बटणं निरखतो.

बहीण तीन भागांत तीनदा हसते,
तेच हसू, तोच पिवळा उजेड.
तिला नाव नाही. आवडती भाजी नाही.
अरे, मेलेल्या माणसाची निदान एक आवडती भाजी तरी हवी,
नाहीतर मंडईत कुणाला कसं रडू येणार?
सहाव्या भागात खलनायक येतो
आणि स्वतःचा बेत स्वतःच सांगून टाकतो,
गाइडमधून पाठ केल्यासारखा, मुद्दे पाडून.

एक पराग भोईटे होता, आठवी ब.
‘नदीचे आत्मवृत्त’, चार पानं, समास दोन रंगांत,
अक्षर असं की वही मिटवत नव्हती.
नदी वाहते. ती खूप वाहते. ती अजूनही वाहते.
शाळेपासून दहा मिनिटांवर विश्वामित्री,
पुलावर लोक स्कूटर उभी करून मगर बघतात,
जी तासभर पापणीसुद्धा हलवत नाही,
आणि ह्याच्या चार पानांत एकही मगर नाही.
मी चार दिले. खाली लिहिलं, अक्षर सुंदर.
मधल्या सुट्टीत आला. मार्कांवर भांडला नाही.
बाई, अक्षराचे वेगळे मार्क नसतात?
नसतात, म्हटलं. खरंच नव्हते.

मंगळ बाजारात आता त्याच्या हातचे बोर्ड आहेत.
गुजराती. शिरोरेघ गेली, वळण तेच.
‘फॉल-पिको तुरंत करी आपीशुं’.
पिशवीत साडी नसतानाही मी तिथे थांबते,
कुणी पाहिलं तर भाव विचारते.

नवव्या भागात लढाई संपते. धूर.
कोपऱ्यात एक म्हातारी फुटकी कौलं झाडते आहे,
मध्येच खराटा उलटा करते,
बुडखा जमिनीवर दोनदा आपटते, काड्या बसवते,
पुन्हा झाडू लागते.
दोन सेकंद. गोष्टीशी काही संबंध नाही.
ओजस पुढे पळवतो.
थांब. मागे घे.
काय आहे त्यात?
मागे घे म्हटलं ना.

साडेचार, मी सांगते शेवटी.
तो फुगतो. तुला ॲक्शन कळत नाही, आत्या.
असेल.
अर्धा कशाचा?
खराट्याचा.
आणि ती निळी आग?
तर्री लागलेल्या कागदावर मी चारचा पाय गिरवत बसते.

ह्याचा दुसरा भाग कधी?
नाही येणार. पैसे संपले त्यांचे, कंपनी बंद.
आणि काढणारे?
काढणारे म्हणजे?
ती कौलं ज्यांनी काढली ते. कुठे गेले?
काय माहीत, ओजस म्हणतो,
आणि जरा वेळानं, मी न सांगता,
पहिला भाग लावतो, आवाज बंद करून.